मोठ्या आवाजाचा मालक कोण?

(वऱ्हाडातील युवक कार्यकर्त्यांच्या अमरावती येथील अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान. छपाईसाठी किंचित आटोपशीर केले आहे.)



कापसाचा भाव, पीकविमा आणि बेकारी ह्या विषयांच्या रांगेत 'हार्ड रॉक, हेवी मेटल व पंक संगीताचा इतिहास' हा विषय पाहून आपल्यापैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पऱ्हाटीला बोंडअळी लागली असता बर्मिंगहॅमच्या गिटारवाल्यांची उठाठेव कशाला, असा प्रश्न कोणी केला, तर तो रास्तच म्हटला पाहिजे. त्याला माझे उत्तर असे, की ह्या संगीताचे मूळ कापसाच्या शेतात आहे. आणि ज्या बाजारपेठेने त्या शेतातल्या मजुराला नागवले, तिनेच आपल्या आजोबा-पणजोबांचा कापूसही तोलला. हा इतिहास आपल्याला वाटतो तितका परका नाही.

ज्यांनी हे संगीत ऐकलेले नाही त्यांच्यासाठी प्रथम ओळख करून देतो. विजेवर चालणारी गिटार, तिचा मुद्दाम फाटका केलेला स्वर, छातीत धडकणारा ड्रम आणि आरोळीच्या जवळ जाणारे गाणे, ही ह्या कुळाची लक्षणे. १९६० नंतरच्या दशकात त्याला हार्ड रॉक म्हणू लागले. १९७०च्या सुमारास ते अधिक जड व अधिक काळोखे झाले, तेव्हा हेवी मेटल हे नाव रूढ झाले. १९७६च्या आसपास सगळा डामडौल टाकून, दोन-तीन मिनिटांत संपणारे, वेगवान व ओबडधोबड गाणे आले, ते पंक.

ह्या संगीताविषयी आपल्याकडे दोन प्रकारचे तिरस्कार आढळतात. संस्कृतिरक्षकांना तो पाश्चात्त्यांचा धिंगाणा वाटतो. आपल्यातल्या काही जुन्या साथींना ते भांडवलशाहीने तरुणांना लावलेले व्यसन वाटते. दोघांनीही एक प्रश्न विचारलेला नसतो : हा आवाज मुळात इतका मोठा का झाला?

कापसाचे नाते

'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आपण अभिमानाने उच्चारतो. त्या सोन्याचा हिशेब मात्र मँचेस्टरमध्ये होत असे. रेल्वे येण्यापूर्वीही, १८४२ साली, अमरावतीच्या एका व्यापाऱ्याने मिर्झापूरमार्गे कलकत्त्याकडे एक लाख बैलांवर लादून कापूस पाठवला, अशी नोंद गॅझेटिअरमध्ये सापडते. १८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाडचा कारभार आपल्या हाती घेतला. ह्या काळ्या जमिनीवर लँकेशायरच्या गिरणीमालकांचा डोळा होता. पुढे १८६१ साली अमेरिकेत गुलामीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडचा कापूस बंद झाला, आणि अमरावती, अकोला, खामगाव ह्या पेठांत एकाएकी पैसा खेळू लागला. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. पण तोवर वऱ्हाडची शेती परदेशी बाजारपेठेला जखडली गेली होती. रुळांचे जाळे कापसासाठीच विणले गेले. १८९९-१९००च्या दुष्काळात माणसे अन्नावाचून मेली ती ह्याच समृद्ध प्रांतात. मूर्तिजापूरहून अचलपूरकडे आणि यवतमाळकडे जाणारी आपली 'शकुंतला' ही देखील कापूस वाहण्यासाठीच विलायती कंपनीने घातलेली गाडी.

आता त्याच बाजारपेठेच्या दुसऱ्या टोकाकडे पाहू. मिसिसिपी नदीच्या काठची जमीन आपल्याच जमिनीसारखी कापसाची. युद्धानंतर तेथील काळे लोक कायद्याने गुलाम राहिले नाहीत, पण जमीन मालकाचीच राहिली. बियाणे मालकाच्या दुकानातून उधार, पीक निम्म्या वाट्याने, आणि हिशेबाची वही मालकाच्या हाती. वर्षअखेरीस निघे ते कर्ज. वऱ्हाडात ठोक्या-बटाईने शेती केलेल्या माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. ह्या शेतांतून, वेचणीच्या रांगांतून आणि तुरुंगातल्या खडी फोडणाऱ्या टोळ्यांतून जे गाणे निघाले त्याला 'ब्लूज' म्हणतात. हार्ड रॉक, मेटल आणि पंक हे त्याचेच वंशज होत.

मडी वॉटर्स ह्या गायकाचे उदाहरण घ्या. मिसिसिपीतील स्टोव्हॉल नावाच्या मळ्यावर तो राबत असे. १९४१ साली अमेरिकेच्या सरकारी ग्रंथालयासाठी लोकगीते गोळा करणाऱ्या संशोधकांनी त्याच्या झोपडीत येऊन त्याचे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्याचे चरित्रकार सांगतात, की मळ्यावर ट्रॅक्टर चालवण्याची त्याची मजुरी तासाला साडेबावीस सेंट होती. त्याने पंचवीस मागितले आणि मुकादमाने ते धुडकावले. १९४३ साली तो मळा सोडून शिकागोला गेला. त्याच परिसरातल्या हॉप्सन मळ्यावर १९४४ साली कापूस वेचणाऱ्या यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, आणि लाखो हातांची गरज संपत चालली. १९१० ते १९७० ह्या काळात सुमारे साठ लाख काळे लोक दक्षिण सोडून उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांत गेले. त्यांच्याबरोबर ब्लूजही गेला.

आवाज मोठा का झाला?

शेतात एक माणूस साध्या गिटारीवर गाऊ शकतो. शिकागोच्या गुत्त्यात, दिवसभर कत्तलखान्यात आणि पोलाद कारखान्यात राबून आलेल्या शंभर माणसांच्या गलबल्यात, तीच गिटार ऐकू येत नाही. म्हणून मडी वॉटर्सने विजेची गिटार घेतली. आवाज मोठा झाला तो चूष म्हणून नव्हे, ऐकू येण्यासाठी. ह्या साऱ्या इतिहासाची गुरुकिल्ली मला ह्या एका गोष्टीत दिसते. १९५८ साली मडी वॉटर्स इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा तेथील रसिकांना त्याची ही कर्कश गिटार रुचली नाही. त्यांना शेतातला गरीब बिचारा काळा माणूस ऐकावयाचा होता. कारखान्यातला, विजेच्या जोरावर उभा राहिलेला माणूस नव्हे.

त्याच वर्षी अमेरिकेत लिंक रे ह्या गिटारवादकाने ध्वनिक्षेपकाच्या पडद्याला पेन्सिलीने भोके पाडून एक गुरगुरणारा स्वर काढला. 'रंबल' ह्या त्याच्या तबकडीत एकही शब्द नव्हता. तरीही तिने पोरे बिघडतील म्हणून काही नभोवाणी केंद्रांनी ती वाजवणे बंद केले. शब्द नसलेल्या सुरावटीची भीती वाटावी, ह्यावरून प्रस्थापितांचा कान किती तिखट असतो ते ध्यानात येईल! १९६४ साली लंडनच्या 'किंक्स' ह्या गटातील मुलाने ध्वनिक्षेपकाचा पडदा दाढीच्या पात्याने फाडून तोच परिणाम साधला. १९६५ साली जिम मार्शल ह्या लंडनच्या वाद्यविक्रेत्याने 'द हू' ह्या गटासाठी शंभर वॉटचा ॲम्प्लिफायर बनवला. माणसाच्या उंचीची ध्वनिक्षेपकांची भिंत रंगमंचावर उभी राहू लागली.

येथून ह्या कथेत दुसरे सूत्र शिरते. इंग्लंडच्या पोरांनी काळ्या मजुरांचे संगीत मनापासून आत्मसात केले, हे खरे. पण पैसा कोणाला मिळाला? १९६८ साली स्थापन झालेला 'लेड झेपेलिन' हा हार्ड रॉकचा अग्रणी गट. त्याच्या एका गाजलेल्या गाण्यात शिकागोच्या विली डिक्सनची रचना वापरलेली होती. डिक्सनला १९८५ साली कोर्टात जावे लागले आणि १९८७ साली तडजोड होऊन त्याचे श्रेय मान्य झाले. १९२७ साली मिसिसिपीला महापूर आला, तेव्हा बांधावर काळ्या मजुरांना बंदुकीच्या धाकाने राबवण्यात आले. त्या पुरावर मेम्फिस मिनी व तिच्या नवऱ्याने १९२९ साली गाणे ध्वनिमुद्रित केले. ते १९७१ साली लेड झेपेलिनच्या तबकडीतून जगभर पोहोचले. ऐकणाऱ्या लाखोंपैकी कितीजणांना तो बांध आणि ते मजूर ठाऊक असतील? कच्चा माल एकाचा, कारखाना दुसऱ्याचा आणि नफा तिसऱ्याचा. कापसाला लागू असलेला नियम गाण्यालाही लागू पडला.

बर्मिंगहॅमची तुटलेली बोटे

हेवी मेटल म्हणजे शब्दशः जड धातू. नावाची व्युत्पत्ती काहीही असो, ज्या शहरात हे संगीत घडले ते बर्मिंगहॅम धातुकामाचे शहर होते. तेथील ॲस्टन ह्या कामगारवस्तीतील चार तरुणांनी १९६८ साली एकत्र येऊन जो गट उभारला तो पुढे 'ब्लॅक सॅबथ' म्हणून प्रसिद्धीस आला. त्यांतील टोनी आयोमी हा गिटारवादक सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात तोच. गिटार कायमची संपली असे डॉक्टरांनी सांगितले. ह्या पोराने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली, त्यांवर चामडे चढवले आणि हलक्या तारा लावल्या. पुढे त्याने तारा ढिल्या करून स्वरच खाली उतरवला. मेटलचा तो खर्जातला, घणासारखा पडणारा स्वर घडण्यात एका कामगाराच्या अपघाताचा असा वाटा आहे. जिनिंगच्या रेच्यात हात गमावलेली माणसे आपल्याही तालुक्यांत आहेत. त्यांच्या अपघाताची नोंद नुकसानभरपाईच्या अर्जातदेखील धड होत नाही.

ह्याच गटाचा गायक ऑझी ऑस्बोर्न काही काळ कत्तलखान्यात मजूर होता. फेब्रुवारी १९७० मध्ये त्यांची पहिली तबकडी निघाली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या तबकडीत युद्ध पेटवून स्वतः मागे राहणाऱ्या सेनापतींवर व पुढाऱ्यांवर त्यांनी कोरडे ओढले होते. तेव्हा व्हिएतनामवर बॉम्ब पडत होते. फुलांचे हार घालून प्रेमाची गाणी म्हणणारे कॅलिफोर्नियातले तरुण आणि भट्टीच्या धुरात वाढलेले हे तरुण, ह्यांच्या स्वरात फरक पडला तो परिस्थितीचा. ५ जुलै २०२५ रोजी ह्या गटाने ॲस्टनच्याच मैदानावर अखेरचा कार्यक्रम केला आणि पुढे सतरा दिवसांनी ऑस्बोर्नचे निधन झाले.

बर्मिंगहॅमच्याच परिसरातून 'जूडास प्रीस्ट' हा गट आला. त्याचा एक गिटारवादक पूर्वी ब्रिटिश स्टील ह्या सरकारी कंपनीत कामाला होता. १९८०च्या प्रारंभी ब्रिटनच्या पोलाद कामगारांनी तीन महिने संप केला, आणि त्याच एप्रिलमध्ये ह्या गटाची 'ब्रिटिश स्टील' नावाची तबकडी निघाली. पुढे त्या शहरांतील भट्ट्या एकेक करून थंड झाल्या. कारखाना गेला, त्याचा आवाज तेवढा तबकडीत उरला.

फ्री ट्रेड हॉल

पंकची हकीकत सांगण्यापूर्वी मँचेस्टरमधील एका इमारतीची ओळख करून द्यावयास हवी. १८१९ साली तेथील सेंट पीटर्स मैदानावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या सुमारे साठ हजारांच्या शांत सभेवर घोडदळ घालण्यात आले व पंधराहून अधिक माणसे मारली गेली. त्याच जागेवर १८५६ साली खुल्या व्यापाराच्या गौरवार्थ बांधलेले सभागृह पुरे झाले, त्याचे नाव फ्री ट्रेड हॉल. वऱ्हाडचा कापूस हवा असलेल्या मालकवर्गाचे ते मंदिरच म्हणा ना. पण ३१ डिसेंबर १८६२ रोजी तेथे कामगारांची सभा भरली. अमेरिकेच्या युद्धामुळे कापूस बंद होता, गिरण्या थंड होत्या, घरात चूल पेटत नव्हती. तरीही गुलामांच्या मुक्तीला पाठिंबा देणारे पत्र त्या सभेने राष्ट्राध्यक्ष लिंकनला पाठवले, आणि लिंकनने पुढच्या महिन्यात त्याला कृतज्ञतेने उत्तर दिले. मिसिसिपीचा गुलाम, लँकेशायरचा गिरणी कामगार आणि वऱ्हाडचा कुणबी हे तिघे एकाच दोरीत गुंफलेले होते. पहिल्या दोघांचा संवाद झाला. आपल्या पूर्वजांना त्या दोघांची गंधवार्ताही नव्हती.

ह्याच इमारतीच्या लहान दालनात ४ जून १९७६ रोजी लंडनच्या 'सेक्स पिस्टल्स' ह्या पंक गटाचा कार्यक्रम झाला. श्रोते जेमतेम चाळीस. त्यांतील कित्येकांनी पुढे स्वतःचे गट काढले. त्या वेळी ब्रिटनमध्ये बेकारांची संख्या दहा लाखांवर गेली होती, सरकार आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभे होते. हार्ड रॉकचे जुने गट आता विमानाने फिरत होते आणि वीस-वीस मिनिटांची कसरत करीत होते. ह्या परिस्थितीत पंकने सांगितले ते साधेच होते : तीन सूर येत असतील तर उभे राहा आणि गा. तिकडे न्यूयॉर्कमध्ये 'रामोन्स' हा गट १९७४ पासून हेच करीत होता.

मँचेस्टरचा तो कार्यक्रम घडवून आणणाऱ्या दोन तरुणांचा 'बझकॉक्स' हा गट. त्यांनी सुमारे पाचशे पौंड उसने घेऊन जानेवारी १९७७ मध्ये आपली तबकडी आपणच काढली, आपणच विकली. कंपनीकडे अर्ज नाही, शिफारस नाही. पंकचे सर्वांत मोलाचे देणे मला हेच वाटते. केसांचे तुरे आणि सेफ्टी पिना लोकांच्या लक्षात राहिल्या. उत्पादनाची साधने हाती घेण्याचा हा छोटासा प्रयोग फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही.

लंडनचा इतिहास मात्र दुपदरी आहे. १९७७च्या मे महिन्यात, राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव चालू असता, सेक्स पिस्टल्सने राजसत्तेची टर उडवणारी तबकडी काढली. बीबीसीने ती वाजवली नाही, तरी खपाच्या यादीत ती दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली. बंड होते खरे. पण गटाचा व्यवस्थापक कपड्यांचे दुकान चालवीत होता आणि तबकडी कंपनीच काढीत होती. बंडाचाही बाजारभाव ठरतो, हे भांडवलशाहीला आपल्याआधी कळते.

ह्याहून महत्त्वाची घटना १९७६च्या ऑगस्टमधली. एरिक क्लॅप्टन ह्या गिटारवादकाचे सारे नाव काळ्या मजुरांच्या ब्लूजवर उभे. त्याने बर्मिंगहॅमच्या रंगमंचावरून दारूच्या नशेत परदेशी वंशाच्या लोकांना देशाबाहेर घालवण्याची भाषा केली. पुढे फार वर्षांनी त्याने त्याबद्दल शरम व्यक्त केली. पण तरुण त्यासाठी थांबले नाहीत. त्याच वर्षी 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही वंशद्वेषविरोधी आघाडी उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या ट्रफाल्गर चौकातून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत प्रचंड मोर्चा निघाला. 'क्लॅश' हा पंक गट आणि 'स्टील पल्स' हा काळ्या तरुणांचा गट एकाच व्यासपीठावर उभे राहिले. पुढच्याच आठवड्यात, ४ मे रोजी, पूर्व लंडनमध्ये अल्ताब अली ह्या बांगलादेशी शिवणकामगाराचा खून झाला. गाण्याने खून थांबत नाही. परंतु आपण एकटे नाही, एवढे त्या वस्त्यांना कळले.

आणि दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. ह्याच पंकमधून, लँकेशायरमधूनच, 'स्क्रूड्रायव्हर' हा गट निघाला आणि १९८०च्या दशकात उघड नाझी प्रचार करू लागला. तीच गिटार, तोच वेग, तोच संताप. तेव्हा आवाज मोठा आहे म्हणून तो आपोआप पुरोगामी ठरत नाही, ही खूणगाठ मनाशी बांधून आपण आपल्या घराकडे वळू.

आपल्याकडचा हिशेब

महाराष्ट्राचा ह्या इतिहासाशी संबंध लवकर आला. 'क्वीन' ह्या गटाचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा फारुख बलसारा. तो पाचगणीच्या शाळेत शिकला आणि १९५८ साली तेथेच त्याने मित्रांबरोबर पहिला गट काढला. त्याच्या कंठाला तोड नव्हती. तथापि १९८४ साली, संयुक्त राष्ट्रांचे सांस्कृतिक बहिष्काराचे आवाहन असतानाही, ह्या गटाने वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतील सन सिटीत कार्यक्रम केले. प्रतिभा आणि विवेक एकाच घरात नांदतातच असे नाही.

मुंबईत १९७० व ७१ साली तरुण गटांच्या 'सिमला बीट' स्पर्धा गाजल्या. त्या भरवल्या होत्या सिगारेटच्या कंपनीने. १९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन' हा गट स्थापन झाला, तर १९८६ पासून धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' हा वार्षिक मेळा भरू लागला. ह्या कलावंतांची निष्ठा व मेहनत मी कमी लेखत नाही. पण सनावळी पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला होता, आणि ह्या काळात गिरणगाव उद्ध्वस्त होत होते. बर्मिंगहॅमचे मेटल कामगारवस्तीतून उठले. मुंबईचे रॉक कॉलेजातून, इंग्रजीतून आले. काही मैलांवरच्या परळचा आक्रोश त्याच्या कानी पडला नाही. पुढे २००७ साली लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 'ब्लू फ्रॉग' हा संगीताचा क्लब निघाला. जेथे सूत कातले जात होते तेथे रॉक वाजू लागले, आणि कातणाऱ्याचा मुलगा फार तर दारावर पहारेकरी म्हणून उभा राहू शकला असता.

मग आपल्या संतापाला आवाज नव्हता काय? होता. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर ह्यांचे लाल बावटा कलापथक १९४४ पासून गिरणगावात गर्जत होते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने निळू फुले, दादा कोंडके ह्यांच्यासारखी माणसे घडवली. वामनदादा कर्डकांनी भीमगीते वस्तीवस्तीत नेली. जे डफडे वाजवणे गावकीने लादले होते ते नाकारून त्याच समाजाने स्वतःच्या मुक्तीची गाणी रचली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. अमेरिकेच्या ब्लॅक पँथरचे नाव तिने जाणून घेतले आणि व्याकरणाच्या सोवळ्याला न जुमानता लिहिले. मँचेस्टरचे ते चाळीस श्रोते जमले त्याच्या चार वर्षे आधी, साधने नसताना आपल्या भाषेत आपणच बोलण्याचा हा प्रयोग महाराष्ट्रात झाला होता. आपल्याच अमरावती जिल्ह्यात यावलीच्या तुकडोजी महाराजांनी एक खंजिरी आणि एक खडा कंठ एवढ्या सामग्रीवर गावेच्या गावे जागी केली. १९४२च्या आंदोलनात इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकले ते काही त्या खंजिरीच्या किमतीकडे पाहून नव्हे.

भाड्याचा आवाज

आज वऱ्हाडातील तरुण काय ऐकतो? अचलपूरची फिनले गिरणी २०२०च्या टाळेबंदीत थांबली. बडनेऱ्याची विजय गिरणी आणि अकोल्याची सावतराम गिरणी ह्या त्याने वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी आहेत. स्पर्धा परीक्षेच्या शिकवण्या झाल्या, अर्ज झाले, वय वाढत चालले. ह्या तरुणाच्या छातीत संताप नाही असे कोण म्हणेल? तो संताप वर्षातून चार-पाच वेळा मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे नाचून मोकळा होतो. विदर्भातले 'धुमाळ' हे माणसांनी वाजवण्याचे, कष्टाचे आणि मोठ्या कसबाचे वादन आहे. गाडीवर ढोल-ताशे, कीबोर्ड आणि कर्णे चढवून ही पथके लग्नात, गणपतीत, संदलमध्ये, आंबेडकर जयंतीत सारख्याच उत्साहाने वाजवतात. त्या वादकांविषयी मला आदर आहे. पण आता त्यांचीही जागा भिंती घेत आहेत. ती भिंत तरुणाची नसते. तिचे भाडे कोणी कंत्राटदार, कोणी भावी नगरसेवक भरतो, आणि कोणते गाणे कोणत्या प्रार्थनास्थळासमोर लावावयाचे हेही तोच ठरवतो.

अमरावतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि अकोल्यात मे २०२३ मध्ये दंगली झाल्या. त्या गाण्यांनी घडवल्या असे मी म्हणत नाही. दंगलींची कारणे गुंतागुंतीची असतात. पण दंगलीनंतर ज्यांच्यावर खटले चालतात ती पोरे कोणाची असतात, हे आपण न्यायालयाच्या आवारात पाहतो. आपला संताप दुसऱ्याच्या भिंतीला भाड्याने दिला, की तो कोणावर सोडावयाचा हेही दुसराच ठरवतो. स्क्रूड्रायव्हरची गोष्ट मी सांगितली ती ह्यासाठीच.

ह्यावर आवाज बंद करा, एवढे म्हणून भागणार नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकांना मनाई आहे. शेजारच्या घरात तान्हे मूल असते, हृदयरोगी असतो. म्हणून ती मर्यादा आपण आपल्या मिरवणुकीत कसोशीने पाळली पाहिजे. परंतु नियम आवाज खाली आणू शकतो, बोलावयाचे काय ते सांगू शकत नाही. मडी वॉटर्सने गिटारीला वीज जोडली कारण त्याला सांगावयाचे काही होते आणि ते ऐकू जात नव्हते. आपल्या तरुणाजवळ वीज आहे, आणि सांगावयाचे ते मात्र त्याने दुसऱ्याच्या हवाली केले आहे.

म्हणून साथींनो, माझ्या सूचना अगदी लहान आहेत. कोणी पोरगा इंग्रजी मेटल ऐकत असेल तर त्याला हिणवू नका. त्या गिटारवाल्याच्या तुटलेल्या बोटांची गोष्ट त्याला सांगा. प्रत्येक तालुक्याच्या कार्यालयात, नाही तर पडून असलेल्या वाचनालयात, एक खोली संध्याकाळी मोकळी ठेवा. तेथे एक ढोलकी, एक खंजिरी, जमल्यास जुनी गिटार आणि लहानसा ॲम्प्लिफायर असू द्या. भोवतालच्या वस्त्यांतील सर्व धर्मांची, सर्व जातींची पोरे तेथे एकत्र बसू द्या. मुलींसाठी आग्रहाने जागा ठेवा. कापूस वेचणारे बहुतेक हात बायकांचे, आणि वेचणीचा दर ठरताना त्यांचाच शब्द कोणी ऐकत नाही. गाणी वऱ्हाडीत होऊ द्या. पीककर्ज, वेचणीची मजुरी, बंद गिरणी, परीक्षेची फी, हे विषय गाण्याला उणे नाहीत. पहिली गाणी ओबडधोबड होतील. होऊ द्या. बझकॉक्सचीही तशीच होती. वाद्यासाठी पैसा लागेल तो रुपया-दोन रुपये वर्गणीने जमवा. एकाच माणसाकडून घेऊ नका. ज्या आवाजाचे भाडे दुसरा भरतो तो आवाज आपला नसतो.

मिसिसिपी, मँचेस्टर आणि वऱ्हाड ह्यांना कापसाच्या बाजारपेठेने एकत्र बांधले, पण एकमेकांशी बोलू दिले नाही. त्या दोघांनी आपापला आवाज शोधला, तो वाढवला, आणि कित्येकदा गमावलाही. तिसऱ्याची पाळी अजून यावयाची आहे. ते काम ह्या अभ्यासवर्गातून बाहेर पडणाऱ्यांचे आहे.